चाळीस कंपन्यांची वही: कठीण काळात नाशिकमध्ये नोकरी शोधताना

२०१९ च्या पावसाळ्यात नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीतल्या एका व्हेंडर कंपनीतली माझी नोकरी गेली. त्या वर्षी देशभर गाड्यांचा खप घसरला होता. मोठ्या कंपनीने उत्पादन कमी केलं की सुटे भाग पुरवणाऱ्यांकडे आधी ओव्हरटाइम बंद होतो, मग तिसरी शिफ्ट, मग कॉन्ट्रॅक्टवरची माणसं आणि शेवटी आमच्यासारखे ऑन रोल, म्हणजे थेट कंपनीच्या पगारावर असलेले. पुढची नोकरी मिळायला मला तीन महिने लागले. त्यातले दोन महिने मी फक्त पोर्टलवर अर्ज करत होतो. दोनशेच्या वर अर्ज गेले, फोन आले दोन, आणि दोन्ही विमा पॉलिसी विकायच्या कामाचे होते. अखेर काम मिळालं ते गेज (मापं घ्यायची साधनं) तपासायला येणाऱ्या एका कॅलिब्रेशन इंजिनिअरने सहज सांगितलेल्या एका वाक्यामुळे.

आता काही वर्षं मी टेबलाच्या पलीकडे बसतो, क्वालिटी विभागासाठी माणसं निवडतो. जागा निघते तेव्हा काय होतं, ते आतून पाहिलंय. एखादा इंजिनिअर राजीनामा देतो. संध्याकाळी चहाच्या टपरीवर त्याचा सुपरवायझर कुणाला तरी विचारतो, "सीएमएम चालवणारा कुणी आहे का रे?" (सीएमएम म्हणजे भागांची अचूक मापं घेणारं मशीन.) दोन-तीन नावं निघतात. त्यातलं एखादं जमलं तर विषय तिथेच संपतो. नाही जमलं तरच जाहिरात पोर्टलवर जाते आणि मग दोन दिवसांत अर्जांचा असा ढीग लागतो की पहिल्या पन्नास-साठनंतर वाचणं होत नाही. मागणी चांगली असते तेव्हा कंपन्यांना जाहिरात द्यावीच लागते. मंदीत बहुतेक जागा टपरीवरच भरतात. म्हणून जाहिरात निघण्याआधी तुमचं नाव तिथपर्यंत कसं पोचेल, याभोवती हा सगळा लेख आहे. मी कारखान्यातला माणूस आहे, त्यामुळे उदाहरणं तिथली जास्त येतील. पण अकाउंट्स, हॉस्पिटल किंवा सॉफ्टवेअरवाल्यांनाही हीच वाट लागू पडते, हे मी घरात आणि मित्रांत पाहिलंय.

पहिला आठवडा: कागद आणि पैसे

नोकरी गेली असेल तर पहिल्याच आठवड्यात जुन्या कंपनीकडून पाच गोष्टी हातात घ्या: रिलिव्हिंग लेटर, अनुभवाचं पत्र, शेवटच्या तीन महिन्यांच्या पगाराच्या स्लिपा, मागच्या वर्षाचा फॉर्म १६ (पगारातून कापलेल्या कराचा दाखला) आणि पूर्ण हिशेबाचा कागद. महिना उलटला की एचआरमधला माणूस बदलतो, फोन उचलले जात नाहीत, आणि नवी ऑफर नेमकी त्या एका कागदावर अडते. २१ नोव्हेंबर २०२५ पासून वेतन संहिता लागू झाली आहे. तिच्यानुसार कामावरून कमी केल्यावर किंवा राजीनामा दिल्यावर थकलेलं वेतन दोन कामकाजाच्या दिवसांत द्यायला हवं. हे माहीत असलं की मागताना आवाज कापत नाही.

पीएफच्या पोर्टलवर जाऊन यूएएनमध्ये (पीएफच्या तुमच्या कायम क्रमांकावर) तुमची नोकरी सोडल्याची तारीख नोंदली आहे का, ते बघा. कंपनीने ती टाकली नसेल तर शेवटच्या वर्गणीनंतर दोन महिन्यांनी तुम्ही स्वतः टाकू शकता. पीएफ काढायची घाई मात्र करू नका. सलग पाच वर्षांची सेवा होण्याआधी काढलेल्या रकमेवर कर लागतो, आणि पेन्शनसाठी दहा वर्षांची सेवा मोजली जाते. पैसे काढले की ती मोजणी पुन्हा पहिल्यापासून सुरू व्हायची वेळ येऊ शकते.

मग घरच्यांबरोबर बसून एक आकडा काढा: हप्ते, भाडं, किराणा, शाळेची फी धरून आपण किती महिने तग धरू शकतो. मी हे दोन महिने लपवलं होतं, रोज सकाळी डबा घेऊन निघायचो. ज्या दिवशी बायकोला खरं सांगितलं, त्याच दिवशी तिने तिच्या मामेभावाचं नाव काढलं. तो सिन्नरला एका कंपनीत स्टोअर्स सांभाळतो, हे मला आठ वर्षांत माहीत नव्हतं.

नाशिक नीट वाचा

नोकरी शोधणाऱ्याला विचारलं, की तो पाच-सहा मोठी नावं सांगतो: महिंद्रा, बॉश, सिएट, एबीबी, सीमेन्स, ओझरचं एचएएल. या दारांवर सगळं शहर उभं असतं. पण या प्रत्येकामागे सुटे भाग, जिग-फिक्स्चर, प्लेटिंग, पावडर कोटिंग, पॅकेजिंग, वाहतूक पुरवणाऱ्या लहानमोठ्या कंपन्यांची लांब रांग आहे. पन्नास ते दोनशे माणसांच्या या कंपन्यांकडे वेगळा भरती विभाग नसतो. मालक किंवा प्लांट हेड स्वतःच माणूस निवडतो आणि लवकर निवडतो. कठीण काळात शिकलेल्या माणसासाठी खरी जागा इथे असते, असं माझं ठाम मत आहे. मोठ्या कंपनीत जे शिकायला चार वर्षं लागतात, ते इथे दीड वर्षात अंगावर येतं.

सातपूर आणि अंबडमध्ये वाहनउद्योग आणि विजेची उपकरणं. मुंबई हायवेवर वाडीवऱ्हे-गोंदे. सिन्नरला मुसळगाव आणि माळेगाव. दिंडोरीकडे तळेगाव-अक्राळे, आणि त्याच तालुक्यात द्राक्षं, वाइन, फळप्रक्रिया. मोहाडीला सह्याद्री फार्म्ससारखी शेतकऱ्यांची मोठी कंपनी. नाशिकरोडला नोटांचा आणि सिक्युरिटी प्रेस, तिथली भरती परीक्षेने होते, त्यामुळे तो रस्ता वेगळा. १७ ऑक्टोबर २०२५ रोजी ओझरला बनलेल्या पहिल्या तेजस मार्क १ए लढाऊ विमानाचं उड्डाण झालं आणि त्या विमानाची तिसरी उत्पादन लाइन सुरू झाली. मशिनिंग किंवा तपासणीत असाल तर विमानाचे भाग बनवणारे पुरवठादार कोण, त्यांच्याकडे एएस ९१०० हे विमानउद्योगाचं गुणवत्ता प्रमाणपत्र आहे का, हे शोधायला लागा.

प्रत्येक धंद्याचा हंगाम वेगळा. द्राक्षाची निर्यात साधारण जानेवारी ते एप्रिल चालते, म्हणून पॅकहाउसमधले क्वालिटीवाले आणि निर्यातीची कागदपत्रं करणारे दिवाळीनंतर शोधले जातात. मार्चमध्ये जाऊन उपयोग नाही. सीएंच्या ऑफिसांना एप्रिल ते सप्टेंबर माणसं कमी पडतात. २०२६-२७ च्या सिंहस्थामुळे रस्ते, पूल, पाणीपुरवठा, हॉटेलं यांत काम निघालं आहे. सिव्हिलवाल्यांनी ते जरूर घ्यावं, फक्त काम संपल्यावर तो ठेकेदार पुढे कुठे जाणार आहे, हे पहिल्याच भेटीत विचारून घ्यावं.

वही

आता या लेखातलं सगळ्यात महत्त्वाचं काम. दोनशे पानी वही घ्या. मोबाइलमधली यादी चालेल, पण वही उघडी राहते आणि टोचत राहते. तिच्यात चाळीस कंपन्यांची नावं लिहा. मोठ्या पाच-सहा, मधल्या पंचवीसएक, बाकी लहान. प्रत्येक कंपनीला एक पान. पानावर इतकंच: कंपनी नक्की काय बनवते किंवा कोणती सेवा देते, तिचं गिऱ्हाईक कोण, माझ्या कामाचा विभाग कोण बघतं, माझ्या ओळखीचं तिथे कुणी आहे का, कुणाशी कोणत्या तारखेला काय बोलणं झालं, आणि पुढचं बोलणं कधी.

नावं कुठून आणायची? पापया नर्सरीपासून सातपूरमध्ये किंवा गरवारे पॉइंटपासून अंबडमध्ये दुचाकीवर दोन सकाळी फिरा आणि पाट्या लिहून घ्या. नकाशावर बसून हे होत नाही, कारण अर्ध्या शेडवरचं नाव नकाशात सापडत नाही. निमा आणि आयमा या उद्योजकांच्या संघटनांच्या सभासदांत शोधा. त्यांची प्रदर्शनं भरतात तेव्हा बायोडेटा वाटत न फिरता स्टॉलवर उभं राहून माल समजून घ्या. सॉफ्टवेअर आणि बॅक ऑफिसच्या कामासाठी ईएसडीएस, विंजित, डब्ल्यूएनएस, डेटामॅटिक्स ही माहितीतली नावं झाली. कॉलेज रोड, गंगापूर रोड, इंदिरानगरमधल्या इमारतींत वीस-तीस जणांची कितीतरी ऑफिसं चालतात, ती लिंक्डइनवर "नाशिक" आणि तुमचं तंत्रज्ञान टाकून सापडतात.

नाव मिळालं की तपासा. ही युक्ती फार थोड्यांना माहीत आहे: पीएफच्या संकेतस्थळावर आस्थापना शोधायची सोय सगळ्यांना खुली आहे. कंपनीचं नाव टाकलं की दर महिन्याला वर्गणी कधी भरली आणि किती कामगारांची भरली, हे दिसतं. मागचे बारा महिने बघा. आकडा ८५ वरून ११० वर गेला असेल तर तिथे भरती चालू आहे, जाहिरात असो वा नसो. ११० वरून ७० वर आला असेल किंवा पैसे दोन-दोन महिने उशिरा जात असतील, तर त्या कंपनीला वहीत मागे ढकला. दोन मिनिटांचं काम आहे, आणि पुढचे सहा महिने वाचतात.

चाळीस पानं भरायला दहा-बारा दिवस जातील. तेवढे द्या.

बायोडेटा: कामाचा पुरावा

माझ्यासमोर येणाऱ्या बायोडेट्यांपैकी बहुतेकांत एकच ओळ असते: "गुणवत्ता तपासणीची जबाबदारी सांभाळली." ती वाचून मला काहीच कळत नाही. तीच गोष्ट अशी लिहा: "ब्रॅकेट लाइनवरचं रिजेक्शन आठ महिन्यांत ३.२ टक्क्यांवरून १.१ टक्क्यांवर आणलं. वेल्डिंग फिक्स्चरमधला पिन झिजत होता, तो बदलण्याचं वेळापत्रक लावलं." दुसरी ओळ वाचल्यावर मला त्या माणसाला भेटावंसं वाटतं, कारण तसाच पिन माझ्याकडेही झिजतोय.

अकाउंट्समध्ये असाल तर "जीएसटीचं काम केलं" असं लिहू नका. दर महिन्याला किती पुरवठादारांची बिलं पोर्टलवरच्या २बी तक्त्याशी जुळवलीत, किती रुपयांचं अडकलेलं क्रेडिट सोडवलंत, महिन्याचं ३बी विवरणपत्र वेळेवर गेलं का, ते लिहा. नर्सिंगमध्ये असाल तर किती खाटांचा आयसीयू, कोणत्या शिफ्टला किती रुग्ण, व्हेंटिलेटर हाताळला का. नुकतेच पास झाला असाल तर प्रोजेक्टचं भारदस्त नाव देण्यापेक्षा त्यात तुमच्या हाताने काय झालं ते सांगा. आकडा आठवत नसेल तर जुन्या सहकाऱ्याला विचारा. अंदाजाने फुगवून लिहू नका, मुलाखतीत तिसऱ्या प्रश्नाला ते उघडं पडतं. आणि जुन्या कंपनीची ड्रॉइंगं किंवा गिऱ्हाइकांचे कागद पुरावा म्हणून दाखवू नका. मला कुणी दाखवले तर मी त्याला घेत नाही, कारण उद्या तो माझेही दाखवेल.

बाकी थोडक्यात. पाच-सात वर्षांपर्यंत अनुभव असेल तर एकच पान. एकाच रकान्यात, साध्या अक्षरांत. मोठ्या कंपन्यांची सॉफ्टवेअरं चौकटी आणि चित्रं असलेली पानं नीट वाचत नाहीत. जाहिरातीत "पीपॅप" (गिऱ्हाइकाकडून पार्ट मंजूर करून घ्यायची पद्धत) किंवा "सॅप" (कंपनीचा माल आणि हिशेब सांभाळणारं सॉफ्टवेअर) हे शब्द असतील आणि ते तुम्हाला येत असतील तर तेच शब्द तुमच्या पानावर असू द्या. वडिलांचं नाव, धर्म, छंद काढून टाका. राहण्याचा भाग मात्र लिहा. पाथर्डी फाट्यावर राहणारा माणूस गोंद्याच्या बसला सोयीचा आहे, नाशिकरोडचा सिन्नरला, हे आम्ही खरंच बघतो.

ओळख काढणं म्हणजे वशिला लावणं नव्हे

इथे आपली माणसं सगळ्यात जास्त अडखळतात. "कुणापुढे हात पसरायचा?" असं वाटतं. मलाही वाटायचं. म्हणून एकदा नीट सांगतो. वशिला म्हणजे लायकी नसताना कुणाच्या जोरावर जागा घेणं. ओळख म्हणजे ज्याला माणूस हवाय त्याला तुम्ही आहात हे कळवणं. त्यानंतरची परीक्षा तुम्हालाच द्यायची असते, आणि ती कुणी सोपी करत नाही.

आधी यादी करा. जुने सहकारी, विशेषतः तुमच्या आधी कंपनी सोडून गेलेले. कॉलेजातले दोन-चार वर्षं पुढचे, के. के. वाघ, मेट, संदीप, एचपीटी-आरवायके, बीवायके, कुठलंही असो, त्यांचे विद्यार्थी नाशिकच्या जवळपास प्रत्येक कंपनीत सापडतात. आणि मग ज्यांचा विचार कुणी करत नाही ती माणसं: ज्यांचं रोज दहा कंपन्यांत जाणं असतं. कॅलिब्रेशनवाले, मशीनचे सर्व्हिस इंजिनिअर, टूल विकणारे, वाहतूकदार, आयएसओ ऑडिटची तयारी करून देणारे सल्लागार. हॉस्पिटलवाल्यांसाठी मेडिकल रिप्रेझेंटेटिव्ह. अकाउंट्ससाठी सीएच्या ऑफिसातले आर्टिकल्स. कुठे माणूस सोडून चाललाय, कुठे नवं मशीन आलंय, हे यांना एचआरच्या आधी कळतं.

माझं असंच झालं. पूर्वी आमच्याकडे गेज तपासायला येणारे ते इंजिनिअर गरवारे पॉइंटला भेटले. मी म्हटलं, "सर, आमच्याकडचं काम सुटलं. क्वालिटीतलं कुठे काही कानावर आलं तर सांगा." ते म्हणाले, "अरे, माळेगावला एकांनी नवा सीएमएम घेतलाय, दोन महिने कव्हर घालून पडलाय. चालवणारं कुणी नाही. तुला येतो ना?" त्या कंपनीची जाहिरात कुठेच नव्हती. दुसऱ्या दिवशी मी गेलो, चौथ्या दिवशी पत्र मिळालं.

अनोळखी माणसाला लिहायचं असेल तर एचआरपेक्षा आधी तुमच्या विभागाच्या माणसाला लिहा. आणि नोकरी मागू नका, माहिती विचारा. मी पुढे मुलांना देतो तो मजकूर साधारण असा:

"नमस्कार सर. मी अंबडमध्ये चार वर्षं शीट मेटल पार्ट्सच्या इन्स्पेक्शनला होतो, सध्या नवीन काम शोधतोय. तुमच्याकडे प्रेस शॉप वाढवल्याचं समजलं. तिथे क्वालिटीत कोणत्या अनुभवाची माणसं लागतात, हे जाणून घ्यायला दहा मिनिटं फोनवर बोलता येईल का? तुमच्या सोयीने, शिफ्ट संपल्यावर केव्हाही. बायोडेटा तुम्ही म्हणालात तरच पाठवतो."

त्यात तीन गोष्टी आहेत: मी कोण, तुमच्याबद्दल मला काय माहीत आहे, आणि छोटी, पुरी करता येईल अशी विनंती. दहा जणांना लिहाल तेव्हा तिघं-चौघं उत्तर देतील. उत्तर आलं नाही तर सात दिवसांनी एकदा आठवण, आणि तीन आठवड्यांनी पुन्हा एकदा. त्यानंतर थांबायचं. जो बोलेल त्याला फोन ठेवण्यापूर्वी एकच प्रश्न: "सर, अजून कुणाशी बोलू?" वहीची पानं या प्रश्नाने भरतात.

लहान कंपन्यांत प्रत्यक्ष जाणंही चालतं. गेटवरच्या काकांशी नीट बोला, रजिस्टरमध्ये नाव लिहा, "क्वालिटीच्या साहेबांना दोन मिनिटं भेटायचंय, नाही जमलं तर बायोडेटा ठेवून जातो" असं सांगा. दुपारी तीन ते चारच्या मधली वेळ त्यातल्या त्यात बरी. सकाळी उत्पादनाची मीटिंग असते आणि शिफ्ट बदलताना कुणाला सवड नसते. मोठ्या कंपन्यांच्या गेटवर मात्र असं जाऊ नका, तिथे नियमाने आत घेत नाहीत.

संसारासाठी चार-पाच वर्षं थांबलेल्या बायकांना मी हेच सांगेन, आणि जास्त जोरात. पोर्टलवरचं सॉफ्टवेअर तुमची खंड पडलेली वर्षं बघून अर्ज बाजूला ठेवतं. जुनी मैत्रीण किंवा जुन्या मॅडम तुमचं काम बघून बोलतात. आधी त्यांना फोन करा.

पोर्टल आणि सरकारी योजना

पोर्टल सोडून द्या असं मी म्हणत नाही, दिवसातला तास त्यांना पुरे. नोकरी डॉट कॉमवर प्रोफाइल दर आठवड्याला ताजं करा. लिंक्डइनवर नावाखालच्या ओळीत "नोकरीच्या शोधात" न लिहिता तुमचं काम लिहा. राज्याच्या महास्वयम् पोर्टलवर आणि केंद्राच्या नॅशनल करिअर सर्व्हिसवर नोंदणी करून ठेवा; रोजगार मेळाव्यांची माहिती तिथे येते. मेळाव्यात मोठ्या पगाराची अपेक्षा ठेवू नका, पण आलेल्या कंपन्यांची यादी वहीत नक्की उतरवा.

डिप्लोमा किंवा पदवी नुकतीच झाली असेल तर केंद्राच्या नॅट्स योजनेखालची अप्रेंटिसशिप हा मला मानाचा रस्ता वाटतो. राज्याच्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत बारावी झालेल्यांना ६,०००, आयटीआय-डिप्लोमावाल्यांना ८,००० आणि पदवीधरांना १०,००० रुपये महिना विद्यावेतन ठरलं होतं. रक्कम लहान आहे, पण आत शिरल्यावर टपरीवरच्या गप्पांत तुम्ही असता.

मुलाखत

द्वारका आणि मुंबई नाक्याच्या वाहतुकीचा अर्धा तास हिशेबात धरून निघा. गोंदे किंवा सिन्नरला आदल्या दिवशी एकदा जाऊन गेट बघून या.

लहान आणि मधल्या कंपन्यांत खरी मुलाखत शॉप फ्लोअरवर होते. प्लांट हेड तुम्हाला लाइनवर नेतो, हातात पार्ट देतो आणि विचारतो, "गिऱ्हाइकाकडून हा रिजेक्ट होऊन आला. पहिल्यांदा काय करशील?" बहुतेक मुलं लगेच मूळ कारण शोधायला धावतात. मला हवं असलेलं उत्तर आहे: "आधी गिऱ्हाइकाकडचा, वाटेतला आणि आपल्याकडचा सगळा माल अडवून वेगळा करतो, म्हणजे आणखी वाईट माल जाणार नाही. मग कारण." हे एक उत्तर ऐकून मी माणसं घेतली आहेत. तुमच्या क्षेत्रातला असा पहिला प्रश्न कोणता, हे त्या क्षेत्रातल्या माणसाला विचारून ठेवा आणि आपल्या कामातल्या तीन घटना तयार ठेवा: काय बिघडलं, मी काय केलं, त्यातून काय झालं. मोठ्याने बोलून बघा, घरात कुणाला तरी ऐकवा.

इंग्रजीची भीती खूप मुलांना खाते. नाशिकमधल्या बऱ्याच मुलाखती मराठी, हिंदी, इंग्रजी अशा मिसळून चालतात. तांत्रिक शब्द अचूक असू द्या, वाक्य साधं असलं तरी चालतं. अडलात तर "मराठीत सांगू का?" असं सरळ विचारा. गिऱ्हाइकाशी ईमेलवर बोलायचं काम असेल तर मात्र इंग्रजी लागेलच, त्याची तयारी रोज अर्धा तास ठेवा.

"सहा महिने घरी का?" याचं उत्तर दोन वाक्यांत द्या. "कंपनीची ऑर्डर कमी झाली, आमच्या विभागातली सात माणसं कमी केली. या काळात मी मापनातल्या चुकांचा अभ्यास, म्हणजे एमएसए, पूर्ण केला." जुन्या मालकाबद्दल वाईट बोलू नका, तुमचं म्हणणं खरं असलं तरी. नाशिक लहान आहे, दुपारपर्यंत ते पोचतं.

ऑफर हातात आल्यावर

ऑफरवर लिहिलेला सीटीसी (कंपनीला तुमच्यावर येणारा वर्षाचा एकूण खर्च) आणि खात्यात पडणारा पगार यांत मोठं अंतर असतं. समजा वर्षाला ४,२०,००० सांगितले. महिन्याला ३५,००० झाले. बेसिक निम्मं, १७,५००. कंपनीचा पीएफचा वाटा १२ टक्के, २,१०० रुपये, आणि ग्रॅच्युइटीचे सुमारे ८४२ यातूनच धरलेले असतात. उरले ३२,०५८. त्यातून तुमचा पीएफ २,१०० आणि व्यवसाय कर २०० गेला की हातात २९,७५८. सीटीसीतला दहावा भाग "परफॉर्मन्सवर" ठेवला असेल, म्हणजे महिन्याचे ३,५००, तर बेसिक तेवढंच धरून हातात २६,२५८ येतात. कँटीन, बस आणि मेडिक्लेम कापले जात असतील तर ते आणखी वेगळे. हा हिशेब सही करण्याआधी एचआरसमोर बसून लिहून घ्या. विचारल्याने ऑफर जात नाही.

ऑन रोल की कॉन्ट्रॅक्टरमार्फत, हे स्पष्ट विचारा. कॉन्ट्रॅक्टर असेल तर त्याचं नाव घेऊन पीएफच्या त्याच पानावर तपासा. नियुक्तिपत्र लेखी घ्या. नोटिसचा काळ दोन्ही बाजूंना सारखा आहे का ते वाचा. कठीण काळात नव्वद दिवसांची अट पुढची संधी घालवते. मूळ प्रमाणपत्रं कुणालाही ताब्यात देऊ नका, दाखवा आणि परत घ्या.

आणि नोकरीसाठी एक रुपयाही भरू नका. नोंदणी फी, लॅपटॉपचं डिपॉझिट, गेट पासचे पैसे, मेडिकलची आगाऊ रक्कम, नाव काहीही असो. मोठ्या कंपनीच्या नावाने जीमेलवरून आलेलं पत्र, व्हॉट्सअॅपवरची मुलाखत, "आजच भरा, उद्या जॉइनिंग" ही सगळी एकाच टोळीची भाषा आहे. पैसे गेलेच असतील तर लाजेने गप्प बसू नका, त्याच तासाला १९३० वर फोन करा. जितक्या लवकर कळवाल तितकी रक्कम खात्यात गोठवली जाण्याची शक्यता जास्त.

रोजचा दिवस, आणि पुण्याचा प्रश्न

सकाळी नऊ ते एक हे शोधाचं काम, घरी किंवा एखाद्या वाचनालयात बसून. नाशिकचं सार्वजनिक वाचनालय १८४० पासून उभं आहे. घरात चित्त लागत नसेल तर अशा ठिकाणी दोन तास बसल्याने दिवसाला आकार येतो. रोज वहीतली दोन पानं पुढे सरकवायची, म्हणजे आठवड्यात बारा. दुपारी शिकणं. संध्याकाळी भेटी. रविवारी सुट्टी, पूर्ण.

पुण्याला जावं का, असं दर दुसरा मुलगा विचारतो. सॉफ्टवेअरमध्ये दोन-तीन वर्षांचा अनुभव असेल आणि घरची जबाबदारी नसेल तर जा. कारखान्यातल्या कामासाठी मात्र खोलीभाडं, मेस आणि येणंजाणं वजा केलं तर महिना दहा हजार जास्त मिळूनही हातात काही उरत नाही, हे मी माझ्या भावाच्या हिशेबात पाहिलंय. मुंबईला पंचवटी एक्स्प्रेसने रोज येणंजाणं करणारेही आहेत. आठवड्यातून दोन-तीन दिवसच ऑफिस असेल तर ते जमतं, रोजचं असेल तर दोन वर्षांत शरीर बोलायला लागतं. वहीतली तीस पानं संपली आणि तीन महिने झाले, तर चाळीसपैकी दहा पानं पुण्याच्या चाकण-भोसरीला द्या. घर हलवायचा निर्णय मात्र ऑफर हातात येईपर्यंत थांबवा.

जॉइन झालात की पहिल्या रविवारी वही उघडा आणि तिच्यातल्या प्रत्येक माणसाला, ज्याने नुसतं "सध्या काही नाही" म्हटलं होतं त्यालाही, फोन करून कळवा. माझी २०१९ ची वही अजून कपाटात आहे. मागच्या महिन्यात आमच्याकडे इन्स्पेक्शनची जागा निघाली तेव्हा मी आधी त्याच वहीतल्या तिघांना विचारलं, की सध्या कुणी शोधतंय का.